नातीसाठी गादी भरली ते दोन दिवस

आमची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली. मूल जगलं. मुलगी झाली होती. बाराव्याला लेकीच्या सासरी, निपाणीजवळच्या गावी, दोन्ही घरची जाणती माणसं ओसरीवर बसली आणि ठरलं ते असं : पोर अंगावरच्या दुधाची आहे, जावयाच्या भावजयीला तान्हं आहे, ती दोघांना पाजील. दात आले, मऊ भात खायला लागली, की पोर आजोळी, म्हणजे आमच्याकडं बेंगळूरला. बिनआईच्या पोराला आजोळ ही आमच्याकडची रीत आहे, त्यात कुणाचे कुणावर उपकार नसतात. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि त्या वेळी मला ऐकू चांगलं येत होतं.

पुढच्या साली शिवरात्र झाली, थंडी गेली, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर जावयाचा निरोप आला. रविवारी पोरीला घेऊन येतो. बायको तेव्हा अंगणात लाल मिरच्या वाळत घालत होती. मी निरोप सांगितला तर तिनं हात धुतले, पुन्हा धुतले, मग घरात जाऊन पुन्हा धुतले. म्हणाली, "तिखटाचा हात हाय वो, पोरीच्या डोळ्याला लागंल." पोर यायला अजून चार दिवस होते.

मी बेंगळूरच्या शिवाजीनगरात एका दुकानात स्कूटरच्या सीटा आणि रिक्षाच्या गाद्या शिवत असे. राहायला येलहंक्यात, जुन्या गावात. शाळा माझी चौथीपर्यंत, पण गादी कशी भरावी हे मला कुणी शिकवू नये. बाजारच्या गादीत काय भरतात ते मी रोज बघत होतो. नातीची गादी सावरीच्या कापसाची करायची असं मी ठरवलं. सावरीचा कापूस मऊ, उन्हाळ्यात गार, त्यात कीड होत नाही. शनिवारी अर्धा दिवस काम करून मी एक पोतं कापूस घेतला आणि बसमध्ये चढलो.

कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट काढा. मी म्हणालो, "उचलून बघ. तुझ्या पिशवीपेक्षा हलकं हाय." तो म्हणाला, वजन नाही, आकार बघतात. मी म्हणालो, मग त्या पुढच्या सीटवरच्या मारवाड्याचंही काढ. तो जाडजूड माणूसच पहिल्यांदा हसला, पण कंडक्टर हसला नाही. त्यानं मला अर्ध्या वाटेवर, हेब्बाळच्या अलीकडं उतरवलं. तिकीट काढून बसता आलं असतं. मी पोतं डोक्यावर घेतलं आणि चालत घरी आलो. बायको म्हणाली, "एवढा उशीर? आणि हे पांढरं काय झालंय तोंडाला?"

"कापूस."

"डोस्क्यावरनं आणलासा? येलहंक्यापर्यंत? अवो, बस बंद हायत का?"

"माझ्यासाठी बंद होती."

माझ्याबरोबर राहून तिला कळत होतं कुठं विचारायचं आणि कुठं नाही.

ऊन अजून होतं म्हणून आम्ही दोघं पोतं घेऊन तळ्याकडच्या खडकावर गेलो. कापसाला एक ऊन दाखवल्याशिवाय तो फुलत नाही. करंजांची जुनी पानं गळून पोपटी पानं फुटली होती. होंगे म्हणतात त्याला इकडं. झाडांखाली वाळक्या पानांचा थर, वर कोवळा उजेड. बायकोनं जुनं पातळ खडकावर अंथरलं, त्यावर आम्ही कापूस पसरला आणि उडू नये म्हणून वरून तिची जाळीची ओढणी टाकली. मग ओढणीखाली हात घालून एकेक बी काढत बसलो.

"एवढा भरणार? पोर बुडंल की त्यात," ती म्हणाली.

"बुडत न्हाई. माझ्या गाद्यांवर मणामणाची माणसं बसत्यात."

"माणसं बसवलीसा. बाळ कुठं निजवलंसा?"

"आपली लेक कशावर निजायची?"

"माझ्या वाकळंवर निजायची. तुमच्या गादीवर टाकली की भोकाड पसरायची." आणि ती हसली. लेक गेल्यापासून तिचं नाव घेऊन आम्ही हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा. वारा आला, ओढणी एका बाजूनं उडाली आणि कापूस तिच्या केसांत बसला. मी म्हणालो, म्हातारी दिसतीस. ती म्हणाली, "आणि तुमी काय बाशिंग बांधलेला नवरदेव दिसतासा?"

घरी येऊन मी गादी भरली. खोळीचं कापड पांढरं, कडेला दुहेरी टीप. मध्ये टाके घेताना कापूस दाबून चालत नाही, श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. बायको दुपटं पुरं करत होती. लेकीची ट्रंक तिच्या सासरहून परत आली होती, त्यातली दोन नेसती पातळं तिनं दुपट्यात घातली होती. दुपट्याचं पोट उपाशी ठेवू नये म्हणतात. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी तिनं पोळीचा तुकडा आणि चिमूटभर तांदूळ आत सारले आणि तोंड बंद केलं. माळ्यावरून लेकीचा पाळणा काढला. रिकामा पाळणा टांगत नाहीत, म्हणून वरवंटा धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून आत निजवला. पलीकडची शेजारीण, कन्नड बाई, आम्ही तिला अक्का म्हणायचो, ती दारातून बघत होती. बायकोनं वरवंट्याला थोपटलं तर ती तोंडाला पदर लावून हसली. मग सगळ्या गल्लीत सांगून आली की यांच्याकडं उद्या मगू येणार, बाळ येणार.

रविवारी मी सकाळपासून बसस्टॉपवर उभा होतो. निपाणीहून रात्रीची गाडी मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडवर येते, तिथून येलहंक्याची बस. बस आली. जावई उतरला. वर्षभरात वाळला होता. मग विहीणबाई उतरल्या. मग एक पोरगी उतरली, विशीच्या आतली, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत, आणि तिच्या काखेत आमची नात.

मला वाटलं, वाटेत पोर सांभाळायला कुणाला तरी आणलंय. चांगलं केलं. मी हात पुढं केले. पोरीनं माझ्या मिशा बघितल्या आणि त्या मुलीच्या खांद्यात तोंड खुपसलं. तेव्हा मला त्या मुलीच्या गळ्यातलं नवं मंगळसूत्र दिसलं.

विहीणबाई तिथंच रस्त्यात म्हणाल्या, "पावणं, रागावू नगा. देवळातच उरकलं. वर्साच्या आत न्हाईतर तीन वर्सं थांबावं लागतंय. तुमाला कळवायचं कुठल्या तोंडानं, म्हणून घेऊनच आलो."

जावई माझ्या पायाकडं बघत होता. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालू लागलो. रस्त्यात बोलणं माझ्या स्वभावात नाही.

बायको उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, नातीवरून उतरून टाकायला. तिनं त्या मुलीला बघितलं, गळा बघितला. सगळं तिला तेवढ्यात कळलं. नात त्या मुलीला अशी घट्ट बिलगलेली, की एकीवरून उतरायचं तर दुसरीवरूनही उतरतं, इलाजच नाही. बायकोनं दोघींवरून तुकडा उतरला, पायांवर पाणी घातलं आणि बाजूला झाली. "आत या," म्हणाली.

चहा झाला. विहीणबाईंनी पदराच्या गाठीतून टाक काढला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पहिली बायको मेली असेल तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक असतो, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची छोटी मूर्ती. नवं लुगडं नेसायच्या आधी तिला दाखवायचं, सणाला पहिला घास तिला. आणि तो टाक मेलेल्या बाईच्या आईनं आपल्या हातानं घालायचा असतो. आई घालते म्हणजे ती म्हणते, आजपासून ही माझी लेक. आईनं घातला नाही तर ते लग्न लोक पुरं धरत नाहीत, घरात काही वाईट झालं की बोट तिकडं जातं. ते येलहंक्याला आले होते ते यासाठी.

"आणि पोर?" मी विचारलं.

"पोर आता तिच्या आईकडं की," विहीणबाई म्हणाल्या. "आई आली घरात. आता आजोळ कशाला? तवा आई नव्हती म्हणून तसं बोललो."

"बाराव्याला शब्द दिलासा तुमी."

"दिला की. तवा दिला."

जावई म्हणाला, "मामा, मी पोरीशिवाय न्हाई राहू शकत." तेवढंच म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मी बायकोला स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज बारीक ठेवला. "त्यांचं तुझ्या हाताशिवाय अडलंय. सांग त्यांना, पोर हितं ठेवा, मग टाक घालते. न्हाईतर न्हाई."

"असा सौदा करतात व्हय? आपल्याच लेकीच्या टाकावर?"

"सौदा त्यांनी केला. शब्द त्यांनी फिरवला. मी माझं हक्काचं मागतोय."

तिनं भाताचं पातेलं उतरवलं. "बघणार कोण पोरीला? तुमी दिसभर दुकानात. माझं गुडघं हे असं. तुमची छाती रात्री वाजती, कापूस भरलाय सगळा त्यात. धा वर्सांनी पोरगी दारात उभी राहिली तर तिच्या मागं कोण हाय?"

"मी हाय."

"तुमी हाय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं असं बघितलं की जसं बाईमाणूस फुटकं भांडं बघतं, टाकवत नाही म्हणून.

आता बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझी छाती अजून वाजते आणि मी अजून आहे. नातीच्या लग्नापर्यंत होतो, आजही आहे. तेव्हा त्या दिवशी कुणाचं बरोबर होतं ते ज्याचं त्यानं बघावं. मी माझं सोडलेलं नाही.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो, घराकडं पाठ करून. पण दार उघडं होतं, सरळ समोर स्वयंपाकघर, आणि मान वळायची ती वळतच होती. ती मुलगी नातीला भात भरवायला स्वयंपाकघरात गेली. मधल्या बोटानं कुस्करून भरवत होती, नीट भरवत होती, मला तेही दिसत होतं. नातीचा एक घास, मग तिच्या हनुवटीवरचं पुसणं, मग दुसरा घास. बायको समोर बसली होती. विहीणबाई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली, "एक इचारू का? टाक घातल्यावर... त्या रातच्याला येत्यात का वो? आमच्या गल्लीतली एकजण सांगत हुती, छातीवर बसत्यात म्हणं."

मला वाटलं आता बायको उठेल आणि त्या पोरीच्या थोबाडीत देईल. लेकीबद्दल तिच्यासमोर असं बोलायची कुणाची टाप नव्हती.

मग ती म्हणाली, "आली तर येऊ दे की. येईल, पोरीचं पांघरूण नीट करंल आणि जाईल. तुला काय करायची न्हाई ती. अगं, मांजराला हाकलायचं झालं तर तिचा जीव वरखाली व्हायचा. दूध पिऊन गेलं तरी म्हणायची, बिचारं भुकेलं असंल. तिला भ्यायचं नसतंय."

"मग पहिला घास काय दाखवायचा?"

"दहीभात. कैरीच्या लोणच्याची फोड ठेव वर. गोड तिला फार आवडायचं न्हाई. आणि हिरवं लुगडं आणलं तर तिला दाखव आणि नेस, पण निळं आणलं तर आदी थोडा वेळ तिच्याजवळ ठेव. निळ्याचं तिला वेड."

मी तिथं बसून सगळं ऐकलं. लेकीला निळं आवडायचं हे मला माहीत नव्हतं.

दुपारी बायकोनं त्या मुलीला पाटावर बसवलं. घरात नवा खण नव्हता, म्हणून लेकीच्या ट्रंकेतला काढला. हळदीकुंकू लावलं, नारळ, तांदूळ आणि खणानं ओटी भरली, आणि टाक तिच्या गळ्यात बांधला. गाठ मारायला तिला वेळ लागला. मला आत बोलावलं, मी गेलो नाही. मग ती दोघं बाहेर पायरीवर आली, माझ्या पाया पडायला. जावई वाकला. मी पाय मागं घेतले. ती मुलगी नातीला काखेत घेऊन वाकली आणि वाकताना नातीनं माझ्या शर्टाचं वरचं बटण धरलं. धरलं ते सोडेना. मुठीत गच्च. माझ्या तोंडाकडं बघायला लागली, रडली नाही, मिशांना भ्याली नाही. मी हललो नाही. हललो असतो तर सुटलं असतं. ती मुलगी तशीच अर्धी वाकून राहिली, मग तिनं, "सोड गं बाय, आजोबाचं हाय," म्हणत एकेक बोट सोडवलं.

निघताना बायकोनं दुपटं त्या मुलीच्या खांद्यावर टाकलं. जावयानं पाळण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मामा, गादी नेऊ का?"

मी म्हणालो, "गादी पाळण्याच्या मापाची हाय. पाळणा हितला हाय."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. बायको त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली, मी गेलो नाही. पुढं ती दर दिवाळीला त्या घरी जाऊन राहायची, लेकीकडं जातात तशी, परत येताना चकल्यांचा डबा आणायची. मी कधी गेलो नाही. नात मोठी झाल्यावर तीच यायची मला भेटायला. ती येते, हे वेगळं. मी गेलो नाही.

बायको परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. चपला काढल्या, पाणी प्याली, आणि उंबऱ्यावर बसली. मी विचारलं, बसायला जागा मिळाली का त्यांना?

"मिळाली."

"पोर?"

"निजली. तिच्या खांद्यावर." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बस हलली आणि ती पोरगी खिडकीतनं वराडली, आई, येते गं, म्हणून. आई म्हणाली मला. मी हात केला. तोंडानं वो द्यायला पायजे होता, तो निघंना."

आणि ती रडायला लागली. लेकीच्या अंगावर माती टाकून आल्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. माणसं म्हणायची बाई घट्ट आहे. त्या दिवशी ती दोन्ही हात जमिनीला टेकून, मान खाली घालून, जनावर हंबरतं तशी रडली. मी शेजारी बसून राहिलो. माझ्या मनासारखं झालं नव्हतं आणि तिनं केलं ते तिलाही पेलत नव्हतं.

आवाज ऐकून पलीकडची अक्का धावत आली. हातात बाळासाठी विकत आणलेलं लोकरीचं टोपडं होतं. आधी पाळण्यात बघितलं, मग आमच्याकडं. "मगू एल्लि?" तिनं विचारलं. बाळ कुठाय? तिच्या मागं अजून दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. सगळ्या गल्लीला माहीत होतं आज आमच्याकडं बाळ येणार, आमच्याकडंच राहणार.

आम्हाला दिलं नाही, असं मी त्या बायांसमोर म्हणणार नव्हतो. जीव गेला असता तरी म्हणालो नसतो. मी उठून उभा राहिलो आणि मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं, की बाळ त्याच्या आईजवळ आहे.

अक्का म्हणाली, "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, आणि टोपडं कट्ट्यावर ठेवून बायांना घेऊन गेली.

बायकोनं रडणं थांबवून मान वर केली. माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, मला पटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, माझा हात धरून उठली आणि म्हणाली, "चला, तुमी सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई." मला पटलं नव्हतं. पण तिला वाटलं ते मी तसंच राहू दिलं, आणि जाऊन पाटावर बसलो.